छत्तीस कार्टन आणि एक नाव

घंटी पितळेची होती. देवघरातल्या घंटीपेक्षा मोठी, शाळेतल्या घंटेपेक्षा लहान.

*

चारशे सतरा आणि चारशे एकोणीस. दोन्ही पांढरेच.

*

पतीचे नाव : किरण सुपडू पाटील. (भरतीच्या अर्जावर, माझ्याच अक्षरात, न अडखळता.)

*

फोनला बोट दिसत नाही.

*

सुकलालभाऊंचा गेटपास हिरवा होता. आता तो गेटवरच्या पत्र्याच्या डब्यात आहे, जमा केलेल्या इतर पासांबरोबर.

*

कंपनीची बस उधना तीन रस्त्यावर पावणेसातला येते. तापीच्या पुलापर्यंत सगळ्यांच्या माना पडलेल्या असतात. पुलावर मी प्रॅक्टिस करते. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही.

*

"अहो!"

*

हे कसं जुळवायचं ते मला कळत नाही. पण उद्या सोमवार, आणि उद्या मला नव्या ट्रेनींपुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय श्रीरंगने दिलाय : पहिले सहा महिने मी कशी टिकले आणि कशी पुढे गेले. श्रीरंग म्हणजे आमचा एच.आर.वाला. पुण्याचा, जानेवारीत आला, माझ्याएवढाच असेल. त्याला नुसतं श्रीरंग म्हणताना मला काही होत नाही. माझ्या सासरी कुणी श्रीरंग नाही.

मी वर्षा. सुरतेजवळ इच्छापोरला पॉलिएस्टरचं सूत काढणारी कंपनी आहे, तिच्या डिस्पॅचमध्ये चलान बनवते. शहाण्णवच्या नोव्हेंबरात लागले, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आमच्या गल्लीतून या कंपनीच्या एअरकंडिशन भागात बसणारी मी पहिली. गोदामात आमच्या गल्लीतले बरेच आहेत, ठेकेदाराकडून. सुकलालभाऊ त्यांतलेच, लोडिंगचे चेकर. जागा निघाल्याचं त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. "वहिनी, कॉम्प्युटरवाली पोरगी पाहिजे म्हणतात. तुम्ही टाका अर्ज, बाकी गनपती."

माझा नवरा उधन्याला लूमवर मास्तर आहे. त्याचं नाव किरण. माझे साहेब, डिस्पॅचचे मॅनेजर, बिलिमोऱ्याकडचे वशी. त्यांचंही नाव किरण.

एवढंच आहे. एवढ्यावर दहा मिनिटं कशी बोलायची?

*

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी बी.कॉम. आहे, मला ते खरं वाटत नाही. तरी शब्द वर येतो आणि दातांशी उभा राहतो. घरी मी 'अहो' म्हणते, शेजारणींपुढे 'हे', रेशनच्या दुकानात 'रुपालीचे पप्पा'. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही घाईघाईत, आणि करवल्या म्हणाल्या ऐकूच आलं नाही.

लिहायला मात्र चालतं. लिहू नये असं कुणी कधी सांगितलेलं नाही. किरण. किरण. हे बघा.

पहिले तीन महिने काही अडलं नाही, कारण सगळेच वशींना साहेब म्हणायचे. मीपण साहेब. मग फेब्रुवारीत श्रीरंगने घंटी आणली.

नवं कल्चर, तो म्हणाला. आजपासून सर नाही, साहेब नाही, मॅडम नाही. भाई-बेनसुद्धा नाही. फक्त नाव. कुणी चुकलं की दुसऱ्याने घंटी वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या. सुरतेच्या माणसाला भाई आणि बेन बंद म्हणजे जिभेला गाठच. पहिल्या दिवशी 'किरणभाई, किरणभाई' करत अर्धं ऑफिस घंटीत सापडलं. आठवड्याभरात त्यांची जीभ सरळ झाली. मी एकदाही सापडले नाही. मी हाकच मारत नव्हते.

*

हाक न मारता माणूस गाठण्याचे प्रकार (फेब्रुवारी-मार्च) :

उठून त्यांच्या केबिनपर्यंत चालत जाणे.
चिठ्ठी.
चंचलला सांगणे, की तू हाक मार.
कागद जोरात आपटून ठेवणे, त्यांनी वर बघेपर्यंत.
पेजरवर निरोप. ऑपरेटर विचारतो, नाव? मी पेजरचा नंबर पुन्हा सांगते.

चंचल माझ्या शेजारच्या टेबलावर, फॅक्स आणि फाइलिंग बघते. तीही खानदेशीच, पण जन्म इथलाच, लिंबायतचा, तोंडात गुजराती. तिला माझी अडचण पहिल्यांदा कळली ती 'अहो'च्या दिवशी.

फॅक्स आला होता, वशी जिन्याकडे निघाले होते, आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो! अहो, ऐका ना!" घरी जेवायला हाक मारते तसं. वशी थांबले. अकाउंट्सवाले थांबले. चंचल खुर्चीवरून खालीच यायची राहिली.

"एय, ए तारो वर छे के?"

"हळू बोल."

"अगं, मग नाव काय आहे तुझ्या मिस्टरांचं?"

मी तिच्या डेस्कवरचा कागद ओढला आणि लिहून दाखवलं. तिने वाचलं, केबिनकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"हाय हाय! मग तू उखाणा घे ना. थांब, मी देते बनवून." आणि खरंच दिला, जेवणाच्या सुट्टीत, डबा वाजवत :

"सुताच्या कोनावर चिकटवलं लेबल,
किरणरावांचा फोन वाजतो, रिकामं त्यांचं टेबल!"

आम्ही खूप हसलो. मी तिच्याहून जास्त हसले असेन. अजून कळत नाही का.

मार्चमध्ये श्रीरंगने प्रोबेशनवाल्यांचे फॉर्म भरले. माझ्या फॉर्मवर 'संवाद' या रकान्यात लिहिलं होतं : ओरडून बोलावत नाही, स्वतः चालत माणसापर्यंत जाते. इतरांनी शिकण्यासारखी सवय.

पाचपैकी पाच.

*

३१ मार्च.

हे मला क्रमाने सांगता येतं, कारण पुढे ते मी फार वेळा मनात लावून बघितलं.

कडोदऱ्याच्या पार्टीची ऑर्डर एकशेवीस कार्टनची. मर्ज नंबर चारशे सतरा. मर्ज म्हणजे सुताची जात म्हणा, कुठल्या मशीनवर कसं निघालं त्याचा नंबर. दोन मर्जचं सूत हातात घेतलं तर सारखंच पांढरं. पण एका कापडात मिसळलं आणि कापड रंगवलं की एक रंग जास्त पितं, एक कमी. पट्टे पडतात. हे मला कंपनीत कुणी शिकवलं नाही. माझा नवरा अंगठ्याच्या नखावरून धागा ओढून सांगतो, बाण्यात दोन जातींचं आलंय म्हणून.

चारशे सतराचे चौऱ्याऐंशीच कार्टन निघाले. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. आकडा पुरा व्हायलाच हवा होता, मुंबईहून सकाळपासून तीन फोन.

साडेतीनला वशी माझ्या टेबलाशी आले. "छत्तीस चारशे एकोणीसमधून घे. चलान सगळं सतराचंच बनव. सेम व्हाइट आहे, कोण बघतंय. पाचच्या आत गाडी बाहेर." आणि ते निघाले. मी नुसती मान हलवली. मान हलवायला नाव लागत नाही.

लगेच गोदामातून फोन. सुकलालभाऊ.

"वहिनी, सुपरवायझर एकोणीस भराया सांगून ऱ्हायला. सतराच्या गाडीत. पट्टा पडंल ना? मास्तरला विचारा घरी, तो बी हेच सांगंल."

"थांबा. विचारते."

मी उठले. वशी पॅसेजच्या टोकाला, काचेच्या दाराशी पोचले होते. बाहेर जीप चालू. मधे तीसेक पावलं. एक हाक पुरली असती.

मी चालत गेले. भरभर, पण चालत. काचेचं दार माझ्यासमोर येऊन मिटलं. जीप वळली.

परत आले तेव्हा रिसीव्हर टेबलावर तसाच होता आणि त्यातून गोदामाचा आवाज येत होता.

"सुकाभाऊ."

"बोला."

"भरा. वरून आहे."

"नक्की?"

"हो."

"मग ठीक. तुम्ही सांगताय ना."

*

इथे मला अडायला होतं. 'वरून आहे' असं मी म्हटलं. पण 'तुम्ही सांगताय ना' असं ते म्हणाले. मग सांगितलं कोणी?

*

बावीस एप्रिल. कॉन्फरन्स रूम.

कडोदऱ्याचे शेठ स्वतः आले होते, बगलेत कापडाचा ताका. टेबलावर त्यांनी तो उलगडला. राणी रंग. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे पट्टे, मोजून ओढल्यासारखे. कापड एवढं होतं की स्पीकरफोनही त्यावरच ठेवावा लागला. फोनमध्ये मुंबईचे मोठे साहेब. त्यांना सगळे 'सर' म्हणत होते आणि घंटी बाहेर होती.

समोर वशी, पेनाचं टोपण काढत-लावत. श्रीरंग वही घेऊन. चंचल फाइल घेऊन दाराशी. मी.

चलानवर माझी सही होती, म्हणून मला विचारलं. फोनमधला आवाज चिडलेला नव्हता. उलट मऊ होता.

"वर्षा, तुम्ही नवीन आहात. हा निर्णय तुमच्या लेव्हलचा नाही, एवढं मला कळतं. कुणी सांगितलं? बाकी काही नको. फक्त नाव."

माझं कन्फर्मेशन वीस दिवसांवर होतं. मी खरं सांगायला निघाले होते, हे मला पक्कं आठवतं. 'आमचे साहेब' म्हणू? ते मुंबईत कुणाला कळणार. 'मॅनेजर'? दोन मॅनेजर आहेत. 'हे'? मी हात कापडावरच ठेवला आणि एक बोट उचललं. वशींच्या दिशेने. थोडंसंच, पण उचललं.

श्रीरंगने पाहिलं. चंचलने पाहिलं. शेठने पाहिलं. वशींनी टोपण लावलं आणि परत काढलं नाही.

"हॅलो? वर्षा? नाव?"

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी सांगितलं. भरायला."

फोनमध्ये खरखर. मग : "बरं. निदान कबूल तरी करता. हे मला आवडलं."

बाहेर आल्यावर चंचलने माझा दंड धरला. "गांडी थई गई छे? वेड लागलंय का? बोट दाखवलंस आणि तोंडाने मी?"

"नाव नाही आलं."

"काय नाही आलं?"

"नाव."

तिने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "तू एकतर भोट आहेस, नाहीतर आम्हां सगळ्यांची गुरू." ती चिडली होती की कौतुक करत होती, विचारायचं राहिलं.

*

मला वाटलं, आता पत्र येणार. आलं. मे महिन्याच्या बारा तारखेला. दुसरंच.

कन्फर्म. एक पायरी वर चढवून कन्फर्म. श्रीरंगने रिपोर्टमध्ये एक शब्द तीन वेळा लिहिला होता आणि मला समजावला : ओनरशिप. म्हणजे झालेल्या गोष्टीला 'माझी' म्हणणं.

"पण तू तर पाहिलंस ना?" मी त्याला विचारलं. "बोट?"

"काय बोट?" तो म्हणाला. तो खोटं बोलत होता असं वाटलं नाही. किंवा पाहूनही न पाहिल्यासारख्या गोष्टींत त्याने ते टाकलं असेल. पुण्याला शिकवत असतील.

वशी आता माझं ऐकतात. मी केबिनशी गेले की फोन ठेवतात. "बोल, वर्षा. तुला काय वाटतं?" त्यांना वाटतं मी काहीतरी राखून ठेवलंय. मीटिंगमध्ये मी गप्प राहिले की सगळे थांबतात. पूर्वी गप्प राहायचे तर कोणी बघतही नसे. मी तीच आहे, गप्पही तेवढीच.

आणि सुकलालभाऊ. चेकरने मर्ज तपासायला हवा होता, असा ठराव झाला. ठेकेदाराला कळवलं, ठेकेदाराने पास काढून घेतला. हे मला आठ दिवसांनी कळलं, बसमध्ये, कुणीतरी कुणाला सांगत होतं. म्हणजे मी 'मी' म्हटल्यावरही ते माझ्यावर आलं नाही. खाली घसरत गेलं. कसं, ते मला समजत नाही. कागदावर मी चूक केली आणि शाबासकी घेतली. त्यांनी चूक आधीच दाखवली आणि घरी बसले.

*

आज, रविवार.

सुकलालभाऊ सकाळी घरी आले. सासूबाईंनी चहा ठेवला. माझा नवरा खाटेवर, रुपाली त्याच्या पाठीवर.

"काय सुकाभाऊ, वाळले एकदम," सासूबाई म्हणाल्या.

"घरना चहा शे ना आते, माय. कंपनीना दूध-साखरवाला बंद पडना," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, मी कोनावर केस नही करत. ठेकेदार म्हणतो, कंपनीतून एक चिठ्ठी आण. वरून हुकूम व्हता, अमक्या साहेबाचा, एवढंच. तो परत घेतो मला. दुसरी जागा शोधली, कडोदऱ्यालाही गेलो. तिथं तर मलाच वळखतात, पट्ट्यावाला म्हणून."

"चिठ्ठी काय," माझा नवरा म्हणाला, "देईल लिहून ती. अक्षर बघ तिचं कसं आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"चिठ्ठीने काय होणार," मी म्हटलं. "उद्या माझं भाषण आहे. सगळे असतात, मॅनेजर, एच.आर. सगळ्यांसमोर सांगते. नाव घेऊन."

"नाव घेऊन?" माझा नवरा हसला. "माझं नाही घेतलं सात वर्षांत."

"उद्या घेते."

सुकलालभाऊंनी कप बशीत उपडा ठेवला. "तुम्ही सांगताय ना," ते म्हणाले. "मग ठीक."

*

भाषणाचे मुद्दे :

१. ३१ मार्चला मला किरण यांनी सांगितलं.
२. सुकलाल यांनी विचारलं होतं.
३.

(तिसरा मुद्दा सुचत नाही. दहा मिनिटं नकोतच. दोन पुरे.)

*

सोमवारनंतर.

पुलावर तीन वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा थोडा आवाज निघाला, पुढच्या सीटवरचा माणूस हलला.

हॉलमध्ये एकवीस ट्रेनी. पहिल्या रांगेत श्रीरंग, शेजारी वशी, गुडघ्यावर हात. घंटी टेबलावर. श्रीरंगने माझी ओळख करून दिली, ओनरशिप हा शब्द दोनदा. मी माइक धरला. कागद माझ्या हातात होता, पहिला मुद्दा वर, मोठ्या अक्षरात.

"३१ मार्चला," मी सुरुवात केली.

वशींनी मान वर केली नाही. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती, नुसती पाळी. माझा नवरा खोटं बोलतो तेव्हा त्याचीही होते. हे तेव्हा का दिसावं?

"३१ मार्चला किरण," मी म्हटलं.

आलं. सहज आलं. काही झालं नाही. दात, ओठ, जीभ, सगळं जागच्या जागी. एवढं सोपं होतं की मला पुढचा शब्द लगेच सापडेना. नाव हवेत होतं, एकवीस जण ऐकत होते आणि वशींनी आता माझ्याकडे पाहिलं होतं. मला वाटलं, आता वाक्य पुरं करायचं फक्त. 'यांनी मला सांगितलं.' तीन शब्द.

"किरण यांनी मला," मी म्हटलं, "विश्वासाने काम दिलं. आणि मी चुकले, तेव्हाही ते माझ्यासमोर बसून होते."

टाळ्या. श्रीरंगने घंटीसुद्धा वाजवली, गंमत म्हणून. वशी उभे राहिले आणि माझ्याशी हात मिळवला. त्यांचा तळवा ओला होता. नंतर मी आणखी आठ मिनिटं बोलले. चालत माणसापर्यंत जाण्याबद्दल. पोरांनी लिहून घेतलं. शेवटी एकीने विचारलं, "वर्षा, प्रेशरमध्ये काय करायचं?" मी काय उत्तर दिलं आठवत नाही. चंचल सांगते, छान दिलं.

परतीच्या बसमधून मी तीन रस्त्याच्या एक स्टॉप आधी उतरले. सुकलालभाऊ तीन रस्त्यावर उभे असणार हे मला माहीत होतं. मागच्या गल्लीने घरी गेले. रुपालीने दार उघडलं. तिच्या पप्पांनी आतून विचारलं, "घेतलं का नाव?"

"घेतलं," मी म्हटलं. ते खरं होतं.

*

फेब्रुवारीत, घंटी आली त्याच आठवड्यात, सासूबाई भाकरी थापता थापता मला म्हणाल्या होत्या, "कंपनीमा नाव लिधं ते काही व्हत नही, पोरी. लेत जाय."